उशाशी ठेवलेलं स्टूल

सन्माननीय अध्यक्ष, रुग्णालयाच्या संचालिका आइलाबाई, व्यासपीठावर अंग चोरून बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या भूलतज्ज्ञ डॉ. हिल्क्का, आणि केक कधी कापणार म्हणून माझ्याकडे रोखून पाहणाऱ्या स्त्रीरोग विभागातल्या मित्रमैत्रिणींनो,

हिल्क्काने मला बजावलंय, "सातू, रडवलंस तर मी मधूनच उठून सौनाच्या वाफेत जाऊन बसेन." तेव्हा थोडक्यात आटोपते.

आपण कुओपियोची असलो तरी शेवटी फिनलंडचीच माणसं. गरजेपेक्षा चार शब्द जास्त बोललो तर आपल्यालाच अपराधी वाटतं. शस्त्रक्रियेच्या खोलीत तर विचारूच नका! पण ही बाई प्रत्येकीच्या उशाशी स्टूल ओढून बसायची आणि विचारायची, "कॉफी कशी घेता?" उत्तर पुरं व्हायच्या आत पेशंट झोपलेली. जाग आली की अगदी तशीच कॉफी पुढ्यात.

मग ते यंत्र आलं. मेंदूच्या लहरी वाचून भुलीचं औषध आपलं आपणच कमीजास्त करणारं. हिल्क्का त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तशी पाहायची. "काम बरं करतो," एकदा म्हणाली, "पण बोलत नाही हो काही." कोणी म्हणावं हे? फिनलंडच्या बाईने!

गेल्या हिवाळ्यात त्या टेबलावर मीच होते. गर्भाशयातली एक छोटीशी गाठ काढायची होती. रोज इतरांची काढते, त्यात काय एवढं? पण तरुणपणी, दुसऱ्या गावी, शस्त्रक्रिया चालू असताना मला जाग आली होती आणि ओरडता आलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी टेबलावर पडल्या पडल्या मी हिला विचारलं,

"यंत्र चुकलं तर गं?"

"मी आहे ना इथे. कॉफी कशी घेतेस?"

"इतकी वर्षं बघतेस की!"

"तरी सांग."

सांगता सांगता झोपले. डोळे उघडले तेव्हा कॉफी होती, आणि माझा हात हिच्या हातात होता. मी आधी यंत्राचंच विचारलं, "किती वेळा आवरावं लागलं त्याला?"

"एकदाही नाही. डोळे पडद्यावर होते, पण हात रिकामेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, तुझा धरावा."

आइलाबाई, समारंभात हे बोलू नये, कळतं मला. पण यंत्र आहे, तर एकाच भूलतज्ज्ञाने बाहेर बसून दोन खोल्या सांभाळाव्यात, असा प्रस्ताव तुमच्यापुढे येतोय. यंत्र जरूर ठेवा. त्याने मला नीट झोपवलं, नीट उठवलं. पण त्याने मोकळे केलेले हात बाहेर पाठवू नका. ते उशाशीच राहू द्या... तुम्ही मान हलवलीत, ती सगळ्या सभागृहाने पाहिली हं. आता माघार नाही.

बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर आजच्या दिवशी पोटात घाला. माझं एवढं लांबलेलं ऐकून घेतलंत, मनापासून आभार.

आणि हिल्क्का, तुझं ते स्टूल नाव कोरून तुला भेट द्यायचं ठरलं होतं. ते आम्ही देत नाही. सोमवारी त्यावर नवी डॉक्टर बसायची आहे. तू आपली केक घेऊन जा.