पाच थेंब आणि अकरा दिवसांचा अबोला

...आणि वर फोन करून विचारते, "बाबा, रिलॅक्स वाटतंय ना?" आता काय सांगू तिला? तुम्हीच सांगा, काय सांगू? लेकीनं बंगळुरूहून खोका पाठवलाय, खोक्यात नारळाएवढं एक पांढरं मशीन, पाणी घातलं की वाफ सोडणारं, सोबत बोटाएवढी निळी बाटली, तिच्यात लॅव्हेंडरचं तेल, आणि निकिताचा हुकूम, "रोज पाच थेंब, बाबा, फक्त पाच, आणि खोल श्वास घ्यायचा, मनावरचा ताण उतरतो." घेतला ना खोल श्वास. सकाळी घेतला, संध्याकाळी घेतला, बनियन ताणेपर्यंत घेतला. पण तुम्हाला सांगतो, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस मी, मीटरवर दिसेल तेवढंच बोलायची सवय... माझ्या नाकाचा काटा शून्यावर.

का, ते सांगतो, पण निकिताच्या कानावर घालू नका. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा वास गेला. इतरांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला, माझा कुठे वाट चुकला कोण जाणे. मी कुणाला बोललो नाही. आमच्या हिला, मोहिनीलासुद्धा नाही. बोललो असतो तर तिनं माझ्या नाकात काय काय घातलं असतं... तूप, ओवा, लसणाचा रस, काही सांगता येत नाही. त्यापेक्षा गप्प बसलो. ती विचारायची, "आमटी कशी झालीय?" मी म्हणायचो, "फर्मास." एकदा म्हणे आमटी पार करपली होती, तीही मी फर्मास म्हणून दोन वाट्या खाल्ली, आणि ती हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

आता ताणाचं म्हणाल, तर मोहिनीला जाऊन या संक्रांतीला दोन वर्षं होतील. तेव्हापासून छातीत धडधड, बीपी वर, झोप नाही, आणि राग... राग तर असा की जेल रोडच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाण्याचा पंप किती वाजता चालू करायचा एवढ्याशा गोष्टीवरून मी सेक्रेटरीच्या अंगावर धावून गेलो. रविराज त्याचं नाव, चांगला पोरगा हो. बिचारा "काका, बसा ना, काका, पाणी घ्या" करत होता, आणि त्यानं दिलेलं तेच पाणी मी त्याच्या रजिस्टरवर ओतलं. त्यानं काय केलं? सरळ निकिताला फोन. मग हे मशीन आलं.

तर पाच थेंब टाकले, काटा शून्यावर. म्हटलं, दहा टाकू. दहा टाकले, वीस टाकले, मग थेंब मोजायचे सोडले आणि बाटलीच उपडी केली. मला बापड्याला काय कळणार किती झालं ते? चौथ्या मजल्यावरून वास निघाला तो जिन्यानं उतरत पार्किंगपर्यंत गेला म्हणे. लिफ्टमध्ये माणसं शिंकायला लागली. वॉचमन भरदिवसा अकरा वाजता गेट सताड उघडं टाकून घोरत होता. म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा ताण उतरला, फक्त ज्याच्यासाठी तेल आणलं तो सोफ्यावर ताठ बसलेला, छातीत धडधड चालू. सहा दिवसांत बाटली खडखडीत रिकामी. लेकीला सांगायची सोय नव्हती, म्हणून मी मशीनमध्ये नुसतं पाणी घालायला लागलो. नळाचं पाणी, गंगापूर धरणाचं. व्हिडिओ कॉलवर वाफ दिसली की ती खूश.

आणि इथून पुढे, तुम्हाला सांगतो, जरा जवळ सरका, कारण हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दुपारचे चार वाजले होते. मशीन चालू, आत नुसतं पाणी. आमच्याकडे कुसाबाई येते, पेठ तालुक्याकडची, दहा वर्षं झाली स्वयंपाकाला आहे. तिची विळी चालू होती, ती थांबली. मग बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, बाईंचं तेल कुनी काढलं?"

"कुठलं तेल?"

"माक्याचं. डोक्याला लावायच्या ते. अन् कपाळाचा बाम." मग तिनं स्वतःचे हात नाकाशी नेले आणि तशीच उभी राहिली. "अन् कोथिंबीर. साहेब, आज तर मी मेथी आनलीया."

माक्याचं तेल, बाम आणि कोथिंबीर. केस गळायचे म्हणून तेल, डोकं दुखायचं म्हणून बाम... ते माझ्यामुळे दुखायचं, हेही ती सांगायची. आणि कोथिंबीर, कारण रोज चारला ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जुडी निवडायची. मी धावलो. वाफेत नाक घातलं, स्टुलाला नाक लावलं, अहो, या वयात गुडघ्यावर बसून फरशी हुंगली. काटा शून्यावर.

मशीन बंद केलं, पुसलं, खोक्यात भरलं, खोका माळ्यावर टाकला, खिडक्या उघडल्या. म्हटलं, संपला विषय. दुसऱ्या दिवशी चार वाजता कुसाबाई कणीक मळता मळता मान वर न करता म्हणाली, "आल्या."

तुम्ही म्हणाल, कुसाबाईला भास झाला. मीही तेच म्हटलं. मग दोन दिवसांनी रविराज आला, टाकी धुण्याची नोटीस घेऊन. मी दार उघडलं, तो "काका, गुरुवारी पाणी..." एवढं बोलला, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मीच मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. स्टूल होतं, रिकामं. "काका," तो म्हणाला, अगदी हळू, "काकू..." आणि हवा हुंगत राहिला. या पोरानं तिच्या हातच्या कोथिंबीरवड्या खाल्ल्यात ना दहावीपासून. उंबऱ्याबाहेर चप्पल काढली, हात जोडले, नोटीस माझ्या हातात दिली आणि लिफ्ट सोडून जिन्यानं खाली गेला. वीस पावलं तरी त्याची मला ऐकू आली. मी घड्याळ बघितलं, चार वाजून पाच मिनिटं. म्हणजे घर माझं, बायको माझी, नोटीससुद्धा माझी, आणि ती भेटते कुणाला, तर सेक्रेटरीला. माझा काटा शून्यावर.

भीती? वाटली ना. खोटं कशाला सांगू, दुपारी चारला पाठीला घाम. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं, आणि ते काय ते कळायला तुम्हाला आमचा अबोला माहीत पाहिजे.

तसा अबोला सगळ्यांच्या घरात असतो. आमच्याकडे वर्षातून चार-पाच व्हायचे, आणि त्याची एक पद्धत ठरलेली होती. मोहिनी आणि मी एकाच स्वयंपाकघरात, हातभर अंतरावर, आणि ती म्हणणार, "कुसाबाई, यांना सांग, ताट वाढलंय." कुसाबाई माझ्याकडे तोंड करून, "साहेब, बाई म्हणत्यात, ताट वाढलंय." मी म्हणणार, "तिला सांग, भूक नाही." कुसाबाई तिकडे वळून, "बाई, साहेब म्हणत्यात, भूक न्हाई." शब्द इकडचा तिकडे करायची नाही ती. दोन-तीन दिवसांत कुणीतरी चुकून थेट बोलायचं आणि सुटायचा अबोला.

शेवटचा अबोला गीझरवरून झाला. थंडीचे दिवस, मी आंघोळ करून आलो आणि गीझर बंद करायला विसरलो. मी विसरतोच. ती म्हणाली, "चार तास चालू आहे तो, एखाद दिवशी फुटेल आणि घर जाईल." आणि मी, चार माणसांसमोर, "चौतीस वर्षं वीज मी बनवली, मला बटणं शिकवू नकोस." झालं. एक दिवस गेला, तीन गेले, आठ गेले, यावेळी चुकूनही कुणी बोलेना. अकराव्या दिवशी दुपारी चारला मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो, ती आत कोथिंबीर निवडत होती. तिचा आवाज आला, "कुसाबाई, यांना म्हणावं..." आणि थांबला. मला ऐकू आलं होतं. पण मी उठलो नाही. म्हटलं, येऊ दे निरोप घेऊन, मी का जाऊ? पेपरचं पान उलटलं मी. मग कुसाबाई दारात आली, "साहेब, बाई बोलंनात." आणि मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "माहितीय मला. अकरा दिवस झाले."

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता. डॉक्टरांना काय माहीत मी पान उलटलं ते.

तर हा ताण आहे बघा. यावर कुठलं तेल घालता?

म्हणून मग गेल्या सोमवारी मी ठरवलं. चारला पाच मिनिटं असताना हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो, तिथेच, तसाच. आत विळी चालू होती. थांबली. कुसाबाई म्हणाली, "आल्या." मी पेपर खाली ठेवला. म्हटलं, "कुसाबाई, तिला म्हणावं... चुकलं माझं."

कुसाबाई पुतळ्यागत शांत बाई. तिनं स्टुलाकडे तोंड केलं, "बाई, साहेब म्हणत्यात, चुकलं त्यांचं."

फ्रीजची घरघर तेवढी. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, तोही थांबला. मी बोटं मोजत बसलो, एक, दोन, किती झाली कोण जाणे. आणि मग कुसाबाई पदराला हात पुसत दारात आली. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, निरोप सांगतानाचा.

"साहेब, बाई म्हणत्यात, गीझर चालू हाय."

तुम्हाला सांगतो, बाथरूम माझ्या बेडरूममध्ये. दार बंद. कुसाबाई तिकडे पाऊल टाकत नाही, तिचं काम स्वयंपाकघरापुरतं. मी उठलो, बेडरूमचं दार उघडलं, बाथरूमचं दार उघडलं. आत लाल दिवा. सकाळी आठपासूनचा. भिंतीला हात लावला तर ऊन लागत होती, टाकी आतून कुरकुरत होती. मी बटण बंद केलं, आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि रडलो हो, चांगला हमसून रडलो. बाहेर आलो तर कुसाबाई मेथी चिरत होती. "गेल्या," म्हणाली.

त्या रात्री दोन वर्षांनी मला झोप लागली. सकाळी निकिताचा फोन, "बाबा, आवाज किती छान वाटतोय तुमचा. म्हटलं होतं ना, तेल काम करतं. अजून एक बाटली पाठवू?" म्हटलं, पाठव. काय सांगणार?

आता तुम्हाला वाटेल, चला, वाल्मीकरावांचा अबोला सुटला. कुठला सुटतोय. मला वास अजून नाही, काटा तिथेच, शून्यावर. माझ्याशी थेट एक अक्षर नाही, जे काय असेल ते कुसाबाईच्या मार्फत. आणि दुसरा विषयही नाही, निरोप एकच, रोज तोच. पण येतो, चारला येतो. म्हणून मी आपला रोज सकाळी आंघोळ करतो, अंग पुसतो, बाथरूमचं दार ओढून घेतो, आणि गीझर चालूच ठेवतो.