आई साक्षीला उभी राहिली

खरं तर हे घराबाहेर सांगायचं नाही असं आईने बजावलंय, म्हणून तुम्हीही कुठे बोलू नका.

आई परळच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. तिच्यासोबत नागालँडची आरेनलाताई आहे. मॅनेजर तिला "ए चिनी" म्हणायचा आणि डब्याला वास येतो म्हणून एकटीला जिन्यात जेवायला पाठवायचा. शेवटी तिने वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "तू अनुसूचित जमातीची आहेस, ही हाक गुन्हासुद्धा ठरू शकते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार दे. पण साक्षीदार हवा."

नोकरी जाईल म्हणून कुणीच तयार होईना. तयार झाली ती आमची आई, जी पालकसभेतही तोंड उघडत नाही!

कंपनीच्या चौकशीत मॅनेजर म्हणाला, "वासाचा नियम सगळ्यांना सारखाच आहे."

आई म्हणाली, "साहेब, आम्ही मालवणी. दुकानातल्या जेवणाच्या टेबलावर मी कित्येकदा सुकट खाल्लीय. मला कधी जिना दाखवलात? मग हिलाच का?"

 चौकशीला बसलेल्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आईचा शब्द न् शब्द लिहून घेतला. आता तो त्या दुकानात नाही. आरेनलाताई आहे, आणि आईही आहे.

मी विचारलं, "आई, भीती नाही वाटली?"

म्हणाली, "वाटली गो! म्हणूनच तर समोरचं टेबल घट्ट धरून ठेवलं, नाहीतर मी तिथून..."

अगबाई, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!