न फुगलेलं पीठ

…नाही, राहू दे, पातेलं मी घासते. तू हात लावलास की काहीतरी होतंच. अगं वनतिंग, आता हेच बघ — धर, हातात धर तरी — याला दोउबाओ म्हणायचं? वाफेवरून आत्ता उतरवलाय, आणि लागतोय कसा, तर दगड! आतलं चवळीचं पुरण मऊसूत आहे, पुरणाचा काही दोष नाही, ते मी केलंय. वरचं आवरणच बसलं. का बसलं? पीठ फुगलं नाही म्हणून. आणि पीठ का नाही फुगलं — मी सांगू, का तू सांगतेस? खिडकी कोणी उघडली काल दुपारी? हे तुमचं ग्वांगडोंग नाही बाई, इथे थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठते. वरीचं पीठ भिजवून, गोधडीत गुंडाळून कांगवर ठेवायचं असतं, बाळंतिणीसारखं जपायचं असतं. हा विटांचा कट्टा काय आम्ही नुसता झोपायला तापवतो? आणि तू काय केलंस — गोधडी दिसली म्हणून परवा तिच्यावर टेकलीस! टेकलीस की नाही? वर म्हणतेस कशी, आई, ही उशी फार मऊ आहे. — हसू नकोस. मी हसत नाहीये.

तुझ्या त्या केकपायी झालं सगळं. हौस तरी किती! एवढ्या लांबून, दोन गाड्या बदलून, कडेवर मूल घ्यावं तसा तो ओव्हन घेऊन आलीस — सासूला केक खाऊ घालायचा म्हणे. मी मागितला होता का? आणि अंडी कुठे ठेवलीस, तर अंगणातल्या रांजणात. का? तर आई सगळं बाहेरच ठेवतात. अगं, मी मटण ठेवते, पेअर ठेवते — अंडी ठेवते का कधी? तडकली सगळी, आत गोट्या झाल्या. त्याच गोट्या खरवडून घातल्यास केकमध्ये. मग काय, मध्ये खड्डा, कडेला कोळसा आणि घरभर धूर — आणि मग खिडकी. किती वेळ उघडी होती? — काय? लगेच लावलीस? … हो, लावलीस. पाहिलं मी. पण तेवढ्यानेसुद्धा पीठ — हे बघ, उलट बोलू नकोस. काही बोलली नाहीस म्हणतेस? मग असं बघू तरी नकोस.

तुला काय कळणार या गोळ्यांचं. चुनशंग लहान होता तेव्हा गरम गोळा साखरेत घोळवून तोंडात कोंबायचा — जीभ भाजायची, भोकाड पसरायचा, आणि रडत रडतच दुसरा मागायचा. आता दर वर्षी निघताना मी त्याला पिशवी भरून देते, मग फोनवर विचारते, संपले का रे? संपले म्हणतो. शेजारी बोटं चाटत होते म्हणतो. म्हणून मी दर वर्षी वाढवत गेले — शेजाऱ्यांना पुरायला नकोत? हे मनगट बघ, वळत नाही आता. तुझे सासरे गेल्यापासून या घरात मी एकटीपुरतं काहीतरी उकडते आणि गिळते. हे गोळे तेवढे मनापासून करते. वर्षातून एकदा कुणीतरी खाणारं असतं म्हणून करते. आणि काल चूल विझेपर्यंत मी तिथे उभी —

कुठे म्हणजे? इथेच. … बोळात. तुमच्या दाराशी. लाकडं आणायला निघाले होते, पुढे गेलेच नाही. हो, विझली चूल, माझ्यामुळे विझली! कांग गार पडला, पीठ बसलं. खिडकीचा काही संबंध नाही. झालं समाधान?

ऐकलं मी सगळं. भिंती पातळ आहेत वगैरे काही नाही, चांगला कान लावला होता. 'देतेय तर घ्यायचे, हार्बिनला गाडी बदलताना टाकून देऊ, दर वर्षीसारखे. ते कोण खातंय?' — माझा चुनशंग. हसत बोलत होता गं. दर वर्षीसारखे! मला वाटलं, आता हीसुद्धा हसेल. हसली असतीस तर बरं झालं असतं, तुझ्यावर जन्मभर चिडता आलं असतं मला. तर तू म्हणालीस, असं नको ना करू, आईंचे हात दुखतात. — तू! दोउबाओ टाळ्याला चिकटतो म्हणून पाण्याच्या घोटाबरोबर गिळणारी तू! परक्याची पोर माझी बाजू घेते, आणि माझ्या पोटचा… गेल्या वर्षी तू होतीस ना बरोबर? तेव्हाही टाकले? — मान खाली घालू नकोस, विचारतेय ते सांग. … बरं. कळलं. नको, पाणी नको मला. रडत नाहीये मी. — बरं, रडतेय, रडू दे. माझं घर आहे.

श्श. आला वाटतं. डोळे पूस. तू कशाला रडतेस, वेडे? — आलास का रे? बूट बाहेर झटक, बर्फ आणू नकोस घरात. काही नाही रे, हिला शिकवत होते. हो, झाले ना गोळे. पिशवी बांधून ठेवलीय तुझी, ती काय खुंटीखाली. यंदा जरा जड झालीय. पण ने बाबा. हार्बिनपर्यंत तरी ने.

… काय बघतोस? दार लाव, गारठा येतोय.