ताजा काप

हॅलो?… अक्का? अगं मी नूतनच… धाप लागली म्हणून आवाज असा… कापली गं! सागाची रोपं, बठ्ठी, एकूण एक कापली!… कोणी काय, चुडामणनं! माझ्या चुलत दिरानं! चारी वाफे, कोयता घेऊन सपासप!

का म्हणजे? उद्या वनखात्याचे साहेब रोपं निवडायला येणार ना! त्याच्या नर्सरीतली घोट्याएवढी, माझी कमरेएवढी. बी एकच, पाणी एकच. तू धुळ्याच्या शेतकी कॉलेजातून जिवाणूंची पाकिटं दिलीस, ती मी मुळांना पाजली, तेवढाच फरक… हो, हो… अगं ऐक ना! मी काय बघत बसले? फावडं घातलं त्याच्या कपाळात!… रक्त? भळाभळा! बसलाय बांधावर डोकं धरून… मरत नाही तो मेला!… कोयता? हिसकावला. माझ्याकडे शे.

काय?… जमिनीपासून वीतभर वरून कापली. मुळं? मुळं जमिनीतच… थांब, एक उपटते… अक्का! अंगठ्याहून जाड गं! बारीक मुळांची नुसती जाळी!… अय्या, हो की! साग लावताना शेंडा छाटूनच लावतात, नुसती जडीच, मुळाचा खुंटच जमिनीत जातो!… साहेब जडीच बघणार? नक्की?… मग काय गेलं माझं? काहीच नाही! थांब, त्याला सांगते.

ए चुडामण! फुकट घाम गाळला रे तू! जड्या जित्या शेतस! बठ्ठ्या जित्या शेतस!

हां, बोल अक्का… हसतेय गं, हसू आवरत नाही… उठला तो. त्याच्या शेडमध्ये शिरला… पाणी पीत असेल…

अक्का. पाठीवर पंप घेऊन येतोय.

तणनाशक… हो, वास येतोय ना! ताज्या कापावर पडलं तर थेट मुळात उतरेल ना?… सांग ना गं!… उतरेल.

मीच सांगितलं त्याला. माझ्याच तोंडानं.

पोलीस? शिंदखेड्याहून यायला तास लागेल, तो दहा पावलांवर शे… हो, कोयता हातातच शे… ए! नळी खाले कर! खाले कर म्हणते ना!… वर्षभर लेकरांसारखी वाढवली रे मी!

अक्का, तू फोन ठेव… नको, ऐकू नकोस तू हे. ठेव!