वेसलच्या वाटची अंडी

—नाही, माझ्या फॉर्मातलं ते खोडू नकोस. 'ट्यूलिपचे कंद' बरोबरच आहे. कंद, साखरबीट, बटाट्याच्या साली — युद्धातल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या त्या हिवाळ्यात, जर्मनांनी अन्न अडवलं तेव्हा, अख्ख्या हार्लेम शहरानं तेच खाल्लं. आईनंही. आणि वेसल तेव्हा तिच्या पोटात — हो, तोच, आत डॉक्टरांसमोर बसलाय तो. ऐंशीचा झाला, तरी मला बाळच. परवा मला म्हणतो, "बाई, तुम्ही रोज येता, तुम्ही कोण?" सख्खी बहीण गं मी त्याची.

मघाशी तू काय म्हणालीस — आईची उपासमार पोटातल्या बाळाच्या जनुकांवर खुणा सोडून जाते? जनुकं तीच, पण कुठलं चालू राहायचं नि कुठलं बंद, ते बदलतं? आणि म्हातारपणी मेंदूला ते भोवू शकतं? … 'शकतं' म्हणालीस, ऐकलं मी. वय असतं, खाणंपिणं असतं, त्याचा तो तंबाखूचा पाइप असतो. एकट्याचं नेमकं सांगता येत नाही. कळलं. माझी समजूत नको घालूस.

ती ओळ आहे ना — 'बाहेरून काही अन्न मिळत होतं का?' मी 'नाही' लिहिलंय. मिळत होतं. गावाबाहेर मावशीचं शेत होतं. मोठ्यांना शिपाई अडवायचे, म्हणून मला पाठवायचे, नऊ वर्षांच्या पोरीला. मावशीनं सहा अंडी उकडून फडक्यात बांधून दिली — "आईची आहेत हां, आल्ट्ये. तिच्या बाळाची." अडीच तासांची वाट. कालव्याच्या कडेला टेकले, म्हटलं एकच खाऊ — मग काय, सहाच्या सहा. टरफलं बर्फात पुरली. घरी येऊन रडले, शिपायांनी हिसकावली म्हटलं. आईनं पोटाशी धरलं — "घाबरली गं माझी पोर" — आणि स्वतःच्या वाटचा बीटचा लगदा माझ्यापुढे ठेवला. तोही खाल्ला मी.

एकदाच ना? हो, एकदाच— नाही. तीनदा. लिही, तीनदा. तिसऱ्या खेपेला आईनं शिपायांचं विचारलंसुद्धा नाही. एप्रनच्या टोकानं माझ्या ओठाला लागलेला पिवळा बलक पुसला. आणि वाडगा पुढे सरकवला, नेहमीसारखा. मरेपर्यंत विषय काढला नाही तिनं.

आणि वेसल! जन्मभर येईल-जाईल त्याला सांगत आला — "आमची ताई शेतावर जायची म्हणून आई जगली, मी जगलो." मी ऐकून घेत आले. हसत. आता तो मला विसरला तेव्हा — कसं सांगू — आधी हायसं वाटलं मला. म्हटलं, सुटले, आता त्याला कधीच कळायचं नाही. मग घरी जाऊन आरशात बघवेना.

थांब, दार उघडलं. मिटव तो कागद. — ये वेसल, झालं? कोट घाल. ती नाही रे, दुसरी बाही… हं. कुठं काय, हवेबद्दल बोलत होतो आम्ही. — आणि तू, पोरी, अशी बघू नकोस माझ्याकडे. पेन ठेव खाली. झालं माझं.