मंजुळाआजीची मोळी

हसू नका, पण कार्बन क्रेडिटच्या सर्व्हेत मी एकदा पार हरलो. जळगाव जामोदकडं कमी लाकूड लागणाऱ्या चुली वाटल्या होत्या. बायांचे कष्ट कमी झाले का, ते विचारायचं होतं. मंजुळाआजीच्या घरामागं तर लाकडाचा हा ढीग!

"आजी, नवी चूल पेटवत नाही काय?"

"पेटवतो नं रोज."

"मंग जंगलात काऊन जाता?"

आजी हळूच म्हणाली, "तिकडच्या गावची मैतरीण भेटते. रिकाम्या हातानं आलो तं सून इचारन, कुठं गेल्ता?"

फॉर्ममध्ये मैत्रिणीचा रकानाच नव्हता.

निघताना सून फाटकापर्यंत आली. "मले ठाव हाय, भाऊ. म्हणून तं शिदोरीत दोन भाकरी जास्त बांधतो. त्याईले सांगू नका."