बावन्न वर्षांचा पाय

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या इस्पितळात रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत होतो. शेजारी आमच्या बाजारातली मासळीवाली सोलेदाद आणि तान्ही मुलगी घेतलेली एक आई. सोलेदादचा आणि त्या बाळाचाही डावा पाय जन्मापासून जांभळा, दुप्पट जाड.

"मनांग," आमच्याकडच्या रीतीनं ताई म्हणून हाक मारत त्या आईनं सोलेदादला विचारलं, "तुमचं वय काय हो?"

"बावन्न."

"डॉक्टर म्हणतात, मोठेपणी काय होतं ते कुणालाच धड माहीत नाही."

"मला विचार ना! दुखतं. दोनदा रक्ताची गुठळी झाली, रोज गोळी घेते. एक डॉक्टर म्हणाला, पाय कापू. म्हटलं, आधी स्वतःचा कापून बघा."

"आणि लग्न?"

"दोनदा! पहिला पळाला, तो पायाला नाही, माझ्या तोंडाला भिऊन."

"मग ही जगेल ना, मनांग?"

"जगेल? अगं, तुला पुरून उरेल!"